बाह्य ड्राइव्हमुळे लिनक्स गोठतो तेव्हा कर्नेल बदलून नेमके काय बदलते

एखादी मोठी फाइल पेन ड्राइव्हवर किंवा एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर पाठवली की प्रगती दाखवणारी पट्टी पहिल्या काही सेकंदांत जवळजवळ शेवटापर्यंत धावते आणि मग तिथेच खिळून राहते. माऊसचा बाण अडखळू लागतो, ब्राउझरचा टॅब बदलत नाही, आणि ज्या प्रोग्रामचा त्या ड्राइव्हशी काडीचाही संबंध नाही तोसुद्धा ढिम्म हलत नाही. लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम वापरणाऱ्या पुष्कळांनी हा प्रकार पाहिलेला असतो आणि त्यावर मिळणारा सल्लाही ठरलेला असतो: कर्नेल अपग्रेड करा. पूर्वीचे डॉक्टर निदान होत नसले की हवापालट करायला सांगत, काहीशा त्याच चालीवर हा सल्ला दिला जातो. तो अनेकदा लागू पडतो हे खरे; पण तो का लागू पडतो आणि कोणत्या दुखण्यावर त्याचा काहीही उपयोग नाही, हे ठाऊक असेल तर बराच वेळ आणि मनस्ताप वाचतो.

कर्नेल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. (लष्करातल्या कर्नलशी गल्लत होऊ नये म्हणून या लेखात मुद्दाम ‘कर्नेल’ असे लिहिले आहे.) कोणताही प्रोग्राम डिस्कवर स्वतः काही लिहीत नाही, तो कर्नेलला विनंती करतो, आणि कोणाचे काम आधी करायचे व कोणाला ताटकळत ठेवायचे हे कर्नेल ठरवतो. लिनक्सच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. यूएसबी, डिस्क आणि बहुतेक फाइल सिस्टिमचे (ड्राइव्हवर फाइली मांडून ठेवण्याच्या पद्धतींचे) ड्रायव्हर, म्हणजे त्या त्या उपकरणाशी किंवा पद्धतीशी बोलणारे छोटे प्रोग्राम, कर्नेलच्या सोबतच तयार होतात आणि त्याच्या सोबतच येतात. त्यामुळे केवळ यूएसबीचा ड्रायव्हर नवा घेतो, बाकी सगळे जुनेच राहू दे, असे सहसा करता येत नाही. ‘कर्नेल अपग्रेड करा’ या सल्ल्याचा अर्धा अर्थ ‘ड्रायव्हर अपग्रेड करा’ एवढाच असतो.

आता गोठण्याच्या मुळाशी जाऊ. प्रोग्रामने फाइल लिहिली असे आपण म्हणतो तेव्हा ती ड्राइव्हवर पोहोचलेली नसते. कर्नेल तो मजकूर आधी रॅममध्ये ठेवून घेतो, प्रोग्रामला ‘झाले’ असे सांगून मोकळे करतो आणि मग सवडीने ड्राइव्हवर उतरवतो. रॅममध्ये असलेल्या पण अजून ड्राइव्हवर न उतरलेल्या या तुकड्यांना ‘डर्टी पेजेस’ म्हणतात. पद्धत उत्तम आहे, कारण रॅम वेगवान असते आणि ड्राइव्ह संथ. पण हा साठा किती वाढू द्यायचा, याची मर्यादा कर्नेल टक्केवारीत ठरवतो: मोकळ्या होऊ शकणाऱ्या मेमरीच्या १० टक्के साठा झाला की पार्श्वभूमीवर लिहिणे सुरू करायचे, आणि २० टक्क्यांच्या दिशेने तो वाढू लागला की लिहिणाऱ्या प्रोग्रामलाच थांबवायचे, अशी मूळ मांडणी आहे.

शाळेच्या गणितातली टाकी इथे आठवावी, जी एका नळाने भरते आणि दुसऱ्याने रिकामी होते. १६ गिगाबाइट रॅम असलेल्या संगणकात २० टक्के म्हणजे ढोबळमानाने ३ गिगाबाइट. स्वस्तातला पेन ड्राइव्ह सेकंदाला १० मेगाबाइट वेगाने लिहीत असेल, तर ही टाकी काही सेकंदांत भरते आणि रिकामी व्हायला ३०० सेकंद, म्हणजे पाच मिनिटे लागतात. प्रगतीची पट्टी आधी सुसाट धावते आणि मग खिळते ती याचमुळे. ती टाकी भरल्याचे दाखवत असते, ड्राइव्हवर उतरल्याचे नाही. ‘कॉपी पूर्ण’ असा संदेश पाहून ड्राइव्ह उपटणाऱ्यांच्या फाइली अर्धवट निघतात त्यामागचे कारणही हेच आहे.

एवढ्याने फक्त कॉपी संथ व्हायला हवी. सगळा संगणक का थांबावा? कारण ती टाकी सामायिक आहे. मेमरी कमी पडू लागली की नवी मेमरी मागणाऱ्या कोणत्याही प्रोग्रामसाठी कर्नेलला आधी जागा मोकळी करावी लागते. मेमरीचे स्वच्छ पान (पेज), म्हणजे ज्याची प्रत डिस्कवर आहे असे पान, तत्क्षणी फेकून देता येते. डर्टी पान मात्र आधी ड्राइव्हवर लिहावे लागते, आणि तो ड्राइव्ह नेमका सगळ्यांत संथ असतो. मग ब्राउझर, मजकूर संपादक, अगदी डेस्कटॉपची चौकट काढणारा प्रोग्रामसुद्धा, ज्याच्याशी आपला संबंध नाही अशा पेन ड्राइव्हच्या रांगेत उभा राहतो. एका खिडकीवरच्या संथ कारकुनामुळे संपूर्ण कचेरी अडावी तसा हा प्रकार आहे, आणि दोष कारकुनापेक्षा रांग लावणाऱ्याचा जास्त आहे. माझ्या मते ही समस्या समजून घेण्याची किल्ली इथे आहे: ड्राइव्ह संथ असणे हा दोष नव्हे, त्याच्या संथपणाचा भुर्दंड इतरांवर पडणे हा दोष आहे. ड्राइव्हचा वेग कर्नेल वाढवू शकत नाही, पण भुर्दंड कोणी भरायचा हे मात्र तोच ठरवतो.

याचे सर्वांत बोलके उदाहरण २०११ सालचे आहे. त्या वर्षी मार्चमध्ये आलेल्या कर्नेलच्या २.६.३८ या आवृत्तीत मोठ्या आकाराची मेमरी पाने आपोआप वापरण्याची सोय झाली. नेहमीचे पान ४ किलोबाइटचे असते, तर हे २ मेगाबाइटचे. एवढी सलग जागा मिळवण्यासाठी कर्नेल मधली लहान पाने इकडून तिकडे हलवी, आणि हलवायचे पान यूएसबी ड्राइव्हवर लिहिले जात असेल तर ते लिहून होईपर्यंत थांबून राही. परिणामी, ज्या प्रोग्रामने केवळ थोडी मेमरी मागितली होती, तो पेन ड्राइव्हच्या नावाने कितीतरी सेकंद अडकून बसे. वेग वाढवण्यासाठी केलेल्या सुधारणेतून हा अडथळा निर्माण झाला होता. पुढच्या आवृत्त्यांमध्ये अशा वेळी न थांबण्याची व्यवस्था झाली, आणि २०१६ च्या ४.६ आवृत्तीपासून मोठ्या पानांसाठी थांबणे हे मूळ वर्तनच राहिले नाही. ज्या प्रोग्रामने मुद्दाम मागणी केली असेल त्याच्यापुरतेच ते उरले. इथे वापरणाऱ्याने करण्यासारखे कर्नेल बदलण्यापलीकडे फारसे काही नव्हते.

टाकीची मूळ अडचण त्याहून चिवट निघाली. प्रत्येक ड्राइव्हला त्याच्या वेगाच्या प्रमाणात टाकीचा वाटा द्यावा, ही कल्पना २००८ च्या सुरुवातीला आलेल्या २.६.२४ आवृत्तीत अमलात आली होती. पण इतर ड्राइव्ह निष्क्रिय असले की संथ ड्राइव्हलाच मोठा वाटा मिळे. २०१३ साली कर्नेलच्या विकासकांमध्ये यावर मोठी चर्चा झाली, तेव्हा एक गमतीशीर गोष्ट पुढे आली. ३२ बिटच्या कर्नेलमध्ये ही टक्केवारी मेमरीच्या फक्त खालच्या भागावर मोजली जाई, त्यामुळे मर्यादा सुमारे १८० मेगाबाइटवरच अडे. ६४ बिटमध्ये ती संपूर्ण मेमरीवर मोजली जाऊ लागली आणि रॅम जितकी जास्त तितका खोळंबा जास्त, अशी उलटी स्थिती झाली. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनीही टक्केवारीच्या या पद्धतीवर तेव्हा टीका केली होती.

त्यानंतरचे दोन टप्पे महत्त्वाचे आहेत. २०१७ च्या फेब्रुवारीत आलेल्या ४.१० आवृत्तीत कर्नेलचे विकासक जेन्स ॲक्सबो यांनी लिहिलेली एक सोय दाखल झाली, जी पार्श्वभूमीवर चाललेल्या लेखनाला आवर घालते, म्हणजे वाचण्याच्या विनंत्या लेखनाच्या ढिगाऱ्याखाली गाडल्या जात नाहीत. २०२३ च्या फेब्रुवारीतल्या ६.२ आवृत्तीपासून प्रत्येक ड्राइव्हसाठी साठ्याची कडक मर्यादा बाइट्समध्ये ठरवून देता येते. एका पेन ड्राइव्हला एवढ्याच मेगाबाइटचा साठा करू द्या, मग बाकीचे ड्राइव्ह रिकामे असोत वा नसोत, असे आता कर्नेलला सांगता येते. मात्र ते सांगावे लागते. मूळ २० टक्क्यांची मांडणी नव्या कर्नेलमध्येही तशीच आहे. म्हणून दुखणे टाकीचे असेल तर कर्नेल बदलून आराम पडेल, पण पूर्ण उतार पडेलच असे नाही. अशा वेळी ‘व्हीएम डॉट डर्टी बाइट्स’ आणि ‘व्हीएम डॉट डर्टी बॅकग्राउंड बाइट्स’ या दोन मूल्यांत टक्क्यांऐवजी ठोस आकडे द्यावेत. उदाहरणार्थ, २५६ मेगाबाइट आणि ६४ मेगाबाइट. हे आकडे त्या सेटिंगमध्ये बाइट्सच्या रूपातच लिहावे लागतात. ही मर्यादा सगळ्याच ड्राइव्हना लागू होते, त्यामुळे आतल्या वेगवान डिस्कवरचे मोठे लेखन किंचित मंदावू शकते; घरगुती वापरात तो फरक सहसा जाणवत नाही.

दुसरे कारण वेगळ्याच जातीचे आहे. एक्स्टर्नल डिस्कच्या डबीत डिस्क आणि यूएसबी यांच्यामध्ये दुभाष्याचे काम करणारी एक लहानशी चिप असते. जुन्या पद्धतीत या चिपला एका वेळी एकच आज्ञा दिली जाते. ती पुरी झाल्याशिवाय दुसरी नाही. यूएसबी ३ च्या काळात ‘यूएएस’ नावाची नवी पद्धत आली, जिच्यात अनेक आज्ञा एकदम देता येतात आणि वेग चांगलाच वाढतो. लिनक्समधला तिचा ड्रायव्हर काही काळ सदोष म्हणून बाजूला ठेवला होता. २०१४ च्या ३.१५ आवृत्तीपासून तो पुन्हा वापरात आला. अडचण अशी की जेमायक्रॉन, एएसमीडिया अशा उत्पादकांच्या काही चिप आपल्याला यूएएस येते असे सांगतात खऱ्या, पण ताण पडला की गडबडतात आणि उत्तरच देत नाहीत.

अशा वेळी कर्नेल उत्तरासाठी साधारण ३० सेकंद वाट पाहतो, मग दिलेली आज्ञा रद्द करू पाहतो, तेही साधले नाही तर ड्राइव्ह रीसेट करतो आणि पुन्हा पहिल्यापासून प्रयत्न करतो. हे चक्र चालू असेपर्यंत त्या ड्राइव्हची वाट पाहणारा प्रोग्राम ‘डी’ अवस्थेत, म्हणजे न मोडता येणाऱ्या निद्रेत जातो. तो सक्तीने बंद करण्याची आज्ञाही तेव्हा चालत नाही, कारण ती आज्ञा ऐकण्यासाठी त्याने आधी जागे व्हायला हवे. कर्नेलमध्ये अशा बिघडेल चिपची एक यादी असते. यादीतली चिप दिसली की कर्नेल यूएएस पूर्ण टाळतो किंवा त्यातल्या न झेपणाऱ्या आज्ञा वगळतो. या यादीत वेळोवेळी भर पडते आणि ती भर जुन्या स्थिर आवृत्त्यांनाही पुरवली जाते. कालपर्यंत दर तासाला अडकणारी डिस्क कर्नेल बदलल्यावर अचानक शहाण्यासारखी वागू लागते, तेव्हा बहुधा तिच्या चिपचे नाव त्या यादीत गेलेले असते. डिस्क सुधारत नाही. कर्नेल तिच्याकडून कमी अपेक्षा ठेवू लागतो.

तिसरे कारण यूएसबीच्या नियंत्रकाचे, म्हणजे संगणकातल्या यूएसबी सॉकेटांचा कारभार पाहणाऱ्या चिपचे. यूएसबी ३ चा ‘एक्सएचसीआय’ नियंत्रक किंवा त्याचा ड्रायव्हर अडकला, तर कर्नेल शेवटी नियंत्रक मृत झाल्याचे गृहीत धरतो आणि त्यावरची सगळी उपकरणे एकदम बाद होतात. त्यांत कीबोर्ड आणि माऊसही असले, तर वापरणाऱ्याला संगणक पूर्ण गोठल्यासारखा वाटतो, प्रत्यक्षात तो आत व्यवस्थित चालू असतो. पडद्यावरचे घड्याळ पुढे सरकत आहे का, गाणे वाजत आहे का, दुसऱ्या संगणकावरून नेटवर्कने आत शिरता येते का, हे पाहिले की उलगडा होतो. ड्राइव्ह झोपवून वीज वाचवणाऱ्या सोयींमुळेही असा गोंधळ होतो. झोपलेली डबी नीट जागी होत नाही. या दोन्हींवरचे उपाय कर्नेलच्या ड्रायव्हरमध्येच होत असल्यामुळे इथे अपग्रेडचा उपयोग होण्याची शक्यता चांगली असते.

फाइल सिस्टिमचा मुद्दा थोडक्यात. बाह्य ड्राइव्ह बहुधा एक्सफॅट किंवा एनटीएफएस स्वरूपात असतात. यांचे लिखाण पूर्वी कर्नेलबाहेरच्या एका प्रोग्राममार्फत होई आणि तो प्रोसेसरवर बराच भार टाकी. एक्सफॅटचा आजचा ड्रायव्हर सॅमसंगने दिला आणि तो २०२० च्या ५.७ आवृत्तीत आला. एनटीएफएसचा ड्रायव्हर पॅरागॉनने दिला, जो २०२१ च्या ५.१५ मध्ये आला. ड्राइव्ह विंडोजमधून नीट बाहेर काढलेला नसेल तर हा नवा ड्रायव्हर तो जोडायलाच नकार देऊ शकतो, आणि तो नकार योग्य आहे.

अपग्रेड करण्यापूर्वी दहा मिनिटे निदानाला द्यावीत, असा माझा आग्रह आहे. (पुढील आदेश उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत, टंकताना ते रोमन लिपीत, लहान अक्षरांत टंकावेत.) कॉपी सुरू असताना ‘प्रोक’ या निर्देशिकेतली ‘मेमइन्फो’ ही फाइल वारंवार पाहावी. तिच्यातल्या ‘डर्टी’ आणि ‘राइटबॅक’ या ओळींचे आकडे गिगाबाइटमध्ये फुगत असतील आणि त्याच वेळी संगणक अडत असेल, तर दुखणे टाकीचे आहे. संगणक सक्तीने पुन्हा सुरू करावा लागला असेल, तर ‘जर्नलसीटीएल -के -बी -१’ या आदेशाने मागच्या वेळच्या कर्नेलच्या नोंदी पाहता येतात, अर्थात त्या डिस्कवर जपून ठेवल्या जात असतील तर. त्यांत ‘यूएएस’ या शब्दापुढे आज्ञा रद्द केल्याच्या ओळी आणि मागोमाग ड्राइव्ह रीसेट केल्याची ओळ दिसली, तर चिपवर संशय घ्यावा. एखादे काम १२० सेकंदांहून अधिक काळ अडून राहिल्याची ओळ असेल, तर ते केवळ लक्षण आहे. खरे कारण तिच्या आधीच्या ओळींत असते.

आणि नोंदींत ड्राइव्ह तुटला, जोडला, पुन्हा तुटला असे दिसत असेल, किंवा वाचण्यात चूक झाल्याच्या ओळी विशिष्ट जागांसाठी पुनःपुन्हा येत असतील, तर कर्नेलच्या मागे लागू नये. सैल केबल, अपुरी वीज आणि मरणपंथाला लागलेली डिस्क यांवर कोणतीही आवृत्ती उतारा देत नाही. यूएसबी २ चे सॉकेट प्रमाणानुसार ५०० मिलिअँपिअर आणि यूएसबी ३ चे ९०० मिलिअँपिअर वीज देते. फिरत्या डिस्कला सुरू होताना याहून जास्त लागू शकते, आणि स्वतंत्र वीज नसलेल्या हबवर दोन डिस्क लावल्या तर अडचण ठरलेलीच. खिशात मावणाऱ्या बऱ्याच फिरत्या डिस्कमध्ये पट्टे एकमेकांवर कौलांसारखे चढवून लिहिण्याची पद्धत असते; अशा डिस्क सलग मोठे लेखन केल्यावर स्वभावतःच रेंगाळतात.

निदान कर्नेलकडे बोट दाखवत असेल, तर ‘यूनेम -आर’ या आदेशाने चालू आवृत्ती पाहावी. केवळ आकड्यावरून मात्र निष्कर्ष काढू नये, कारण डेबियन, उबुंटू किंवा रेड हॅट यांची वितरणे (कर्नेल आणि बाकीचे प्रोग्राम एकत्र बांधून दिलेले लिनक्सचे तयार संच) नव्या दुरुस्त्या जुन्या क्रमांकाच्या कर्नेलमध्ये आणून बसवतात. शक्य असेल तर प्रत्यक्ष अपग्रेडआधी एखाद्या नव्या वितरणाच्या लाइव्ह पेन ड्राइव्हवरून (ज्यावरून काहीही न बसवता थेट लिनक्स चालते अशा) संगणक सुरू करून तीच फाइल त्याच डिस्कवर कॉपी करून पाहावी. काहीही न बदलता नव्या कर्नेलची परीक्षा घेण्याचा हा मार्ग फार कमी लोक वापरतात, याचे मला नेहमी नवल वाटते.

अपग्रेड करताना आपल्या वितरणाचाच मार्ग धरावा. उबुंटू २२.०४ सोबत मुळात ५.१५ हे कर्नेल आले होते, पण ‘एचडब्ल्यूई’ नावाच्या मालिकेतून त्यावर अधिकृतपणे ६.८ पर्यंत जाता येते. डेबियन १२ मध्ये ६.१ असून त्याहून नवे कर्नेल ‘बॅकपोर्ट्स’ या संग्रहातून घेता येते. फेडोरात नेहमीच्या अद्ययावतीकरणातच नवे कर्नेल येते आणि मागची धरून तीन कर्नेल ठेवली जातात. कुठून तरी उतरवलेले कर्नेल बसवले तर सिक्युअर बूट (फक्त ओळखीची सही असलेलेच कर्नेल सुरू होऊ देणारी सोय) चालू असलेल्या संगणकावर ते सुरूच न होण्याचा संभव असतो, कारण त्यावर ओळखीची सही नसते. ग्राफिक्स कार्डाचा किंवा आभासी यंत्राचा बाहेरचा ड्रायव्हर वापरात असेल, तर तो नव्या कर्नेलसाठी पुन्हा तयार झाला आहे ना, हे आधी पाहावे, आणि ‘बूट’ या विभागात जागा मोकळी आहे ना, तेही. आर्च लिनक्सवर अपग्रेडनंतर लगेच संगणक पुन्हा सुरू करावा. तिथे चालू कर्नेलचे ड्रायव्हर डिस्कवरून काढले जातात, त्यामुळे त्यानंतर लावलेला पेन ड्राइव्ह ओळखलाच जात नाही आणि उपायानेच दुखणे वाढल्याचा भास होतो.

जुने कर्नेल लगेच काढून टाकू नये. नव्या आवृत्तीत एखादी नवीच चूक निघाली, तर संगणक सुरू होताना दिसणाऱ्या ग्रब या आरंभीच्या प्रोग्रामच्या यादीतून प्रगत पर्याय उघडून जुने कर्नेल निवडता येते, आणि तसे करता येणे हीच खरी सुरक्षितता आहे.

कर्नेल बदलूनही चिपचा त्रास कायम राहिला, तर त्या ड्राइव्हपुरते यूएएस बंद करता येते. ‘एलएसयूएसबी’ या आदेशाने ड्राइव्हचे दोन ओळख-क्रमांक मिळतात. ते ‘यूएसबी-स्टोरेज डॉट क्वर्क्स’ या पर्यायात लिहून पुढे ‘यू’ हे अक्षर जोडले आणि तो पर्याय कर्नेल सुरू होतानाच्या ओळीत टाकला, की ड्राइव्ह जुन्या, एकावेळी-एक-आज्ञा पद्धतीने चालतो. वेग घटतो, पण गोठणे थांबते. पुढे कधीतरी ती डबी बदलली किंवा नव्या कर्नेलने तो दोष अधिक नेमकेपणाने हाताळला, तर ही ओळ आठवणीने काढावी. नाहीतर वर्षभराने आपण डिस्क इतकी संथ का म्हणून शोधत बसतो आणि आपणच घातलेला तो अडसर सगळ्यांत शेवटी सापडतो.